फुंका, अजून फुंका!

"फुंका! अजून, अजून, थांबू नका!" फुप्फुसांच्या तपासणीत ती अशी ओरडायची, की माणसं छातीच्या तळाशी उरलेली हवासुद्धा नळीत सोडून मोकळी व्हायची.

आज समोर तिचेच बाबा होते, अग्निशमन दलातले. मागच्या आगीत धूर छातीत गेला होता. आज पास झाले, की उद्यापासून पुन्हा आगीत.

बाबांनी नळीभोवती ओठ घट्ट मिटले. तिनंही आपले मिटले. तिन्ही वेळा आलेख अर्ध्यावरच आडवा पडला.

त्यांच्याकडे न बघताच ती म्हणाली, "नापास, बाबा."



नाकावर लावलेला चिमटा काढून ठेवत बाबा पुटपुटले, "बरं झालं, ओरडली नाहीस. नाहीतर सगळा श्वास सोडावा लागला असता. आता आगीची भीती वाटते गं."