हुंकार

“चूक सापडली का मी निंगलो, बा,” राजकुमार लॅपटॉपवरची नजर न उचलता म्हणाला. घरापुढच्या छपरीत शेजारी बसलेल्या धरमसिंगने मान डोलावली आणि मनातल्या मनात सेवालाल महाराजांना विनवलं, सापडू नको देऊ. पोराची चूक सापडू नये म्हणून देवाला साकडं घालणारा बाप अख्ख्या पुसद तालुक्यात दुसरा नसेल.

बायको, रुपीबाई, गेल्यापासून घरात बोलणारं माणूस नव्हतं. तांड्यात गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार द्यावा लागतो. हुंकार थांबला की गोष्ट थांबते. धरमसिंगच्या अंगात ही सवय इतकी मुरलेली की संध्याकाळी टीव्हीवरच्या बातम्यांनाही तो ‘हूं’ म्हणायचा. बातम्या सांगणारी बाई काही त्याच्यासाठी थांबायची नाही. फार एकटा पडला होता तो. आता पोरगा हैदराबादहून आला होता, तोही या चुकीच्या कृपेने. ती सापडेपर्यंत घरून काम करायची सवलत साहेबाने दिली होती.

पण पोरगा बोलेल तर शपथ. शेवटी धरमसिंगनेच विचारलं, एवढं काय हरवलंय त्या डब्यात.

राजकुमारने सांगितलं. तो ड्रायव्हर लिहितो, म्हणजे कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेलं यंत्र यांच्या मधला प्रोग्राम. यंत्राजवळ स्वतःची थोडी मेमरी असते. दुसऱ्या प्रोग्रामने मागितली की ड्रायव्हर तिचा तुकडा त्याच्यापुढे उघडून देतो, पण हद्दीपुरताच. हद्दीपलीकडची मेमरी दुसऱ्याची. तिथे हात पडला की सगळा कॉम्प्युटर बसतो. आणि हद्द तपासूनही तो बसत होता.

“हूं,” धरमसिंग म्हणाला.

हुंकार मिळाला तसा पोरगा खुलला. कर्नेल म्हणजे कॉम्प्युटरचा गाभा काय असतो, त्याची परवानगी कशी मागायची, काम झाल्यावर जागा परत कशी करायची, सगळं सांगत सुटला. धरमसिंगला त्यातलं काही कळत नव्हतं. आवाज मात्र कळत होता, आणि तो थेट रुपीबाईच्या वळणावर गेला होता. सांगणं संपत आलं तसा त्याचा जीव कासावीस झाला. लोभापायी तो बोलून गेला, “मले नाही समजलं. पुन्हा सांग.”

“हे पाह्य, बा. आपलं वावर समज. कोणी म्हणे, मले एवढी जमीन मोजून दे. मी पाह्यतो, आपलं वावर तेवढं हाय का. हाय. मंग मोजून देतो, या कडेच्या धुऱ्यापासून…” राजकुमार अडखळला. “पण त्यानं मधातूनच मोजणं सुरू केलं तं?”

धरमसिंगने हुंकार दिला नाही. तरी गोष्ट पुढे गेलीच.

“तं तो दुसऱ्याच्या वावरात घुसते. मी लांबी तपासली, बा. सुरुवात कुठून, ते पाह्यलंच नाही.”

बोटं भराभर चालली. मग साहेबाला फोन लागला, पोरगा हसत हसत इंग्रजीत बोलला आणि आत जाऊन बॅग भरू लागला. यंत्र हैदराबादच्या ऑफिसात होतं, खात्री तिथेच करावी लागणार. संध्याकाळची गाडी मिळत होती. तुझ्यामुळेच सापडलं, असं तो आतूनच म्हणाला, आणि ते खरंच होतं.

धरमसिंग दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला.

“नीट पाह्यलं ना, बेटा?” तो म्हणाला. “एकच चूक होती काय?”