उणे शून्य

कलम एक. माझ्या पश्चात कुंदाला सकाळी सव्वासहा वाजता आल्याचा चहा मिळावा. अधिक-उणे पाच मिनिटं.

वासुदेवरावांनी चौकटींच्या कागदावर एवढं लिहिलं आणि चष्मा कपाळावर सरकवून ते समाधानानं बघितलं. चिंचवडला टूलरूममध्ये एकतीस वर्षं इन्स्पेक्टर होते. टॉलरन्स, म्हणजे अधिक-उणेची सूट, न देता माप लिहिणं त्यांना दाढी न करता घराबाहेर पडण्यासारखं वाटे.

हे सगळं ऊर्मिलामुळे झालं. त्यांची ही धाकटी सून जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराखहून रोज बसनं एर्लांगेनच्या विद्यापीठात जाते, पीएचडी करते. विषय: अडीचशे वर्षांपूर्वी या भागातून अमेरिकेत जाऊन शेती केलेल्या लोकांची मृत्युपत्रं. रविवारच्या नाश्त्याला तिनं त्यातलं एक मराठीत सांगितलं. शेत मुलाला. पण बायकोला चुलीकडची खोली. सफरचंदाची दोन झाडं, तिच्या पसंतीची. एक गाय, चारा मुलानं घालायचा. सरपण फोडून दारापर्यंत. विहिरीवर जायची वाट, कुणी अडवू नये. आणि तिनं दुसरं लग्न केलं तर सगळं परत.

एवढं बारीक कशाला लिहायचं, असं वासुदेवरावांनी विचारलं.

"बाबा, नवरा गेल्यावर तिला सुनेकडे पेलाभर दूध मागायला लागू नये म्हणून," ऊर्मिला म्हणाली, आणि आपण हे कुणाला सांगतोय ते लक्षात येऊन तीच हसली.

वासुदेवराव हसले नाहीत. लग्नाच्या अठ्ठेचाळीस वर्षांत कुंदाताईंनी कुणाकडे काही मागितल्याचं त्यांना आठवेना. उद्या आपण नसलो की चिंचवडच्या फ्लॅटमध्ये, थोरल्या प्रणवच्या संसारात, ही बाई एका कोपऱ्यात गप्प बसेल. चहा गार मिळाला तर गार पिईल. गुरुवारी परतीचं विमान होतं. त्याच्या आत कागद पुरा व्हायला हवा.

कलम दोन. हॉलमधली खिडकीजवळची खुर्ची तिची. पाहुणे आले तरी तिची.

कलम तीन. सकाळच्या बातम्यांना रेडिओ लावून द्यावा. तिला बटण सापडत नाही.

~~कलम चार. देवळात नेऊन आणावे.~~ (ती स्वतः जाते.)

कलम चार. रविवारी कांदेपोहे. मिरची सढळ.

ऊर्मिलाच्या नवऱ्यानं, कपिलनं, मागून डोकावून वाचलं. तो गाड्यांच्या बेअरिंगांची ड्रॉइंगं तपासतो. त्यानं कागदाच्या कोपऱ्यात गंभीरपणे 'रिव्हिजन ए' लिहिलं आणि जर्मनमध्ये गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, म्हणत वडलांची पाठ थोपटली.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कुंदाताई कालच्या बाजारातला श्पार्गेल, इथली कोंबांची भाजी, सोलत होत्या. या पांढऱ्या काड्या सोलून मागे उरतं काय, हे त्यांना तीन महिन्यांत कळलं नव्हतं. त्यांनी पदराला हात पुसून कागद मागितला. सावकाश वाचला.

"लग्नाचं कलम राहिलं वाटतं," त्या म्हणाल्या.

सगळे हसले. त्यांनी कागद पुन्हा वाचला.

"अहो, चहा तुम्हाला लागतो. मी तुमच्या सोबतीला घेते. मला पित्त होतं त्यानं."

वासुदेवरावांनी चष्मा डोळ्यांवर आणला. मग खुर्चीचं निघालं. खिडकीतल्या वाऱ्यानं कुंदाताईंचा कान दुखतो, म्हणून त्या खुर्चीत आजवर बसलं कोण? वासुदेवराव. रेडिओचं बटण कुंदाताईंना चांगलं माहीत होतं; बातम्या नको असायच्या, म्हणून तर सापडत नव्हतं. पोहे बरे. मिरची मात्र तुमची.

ऊर्मिला काहीतरी बोलणार होती, कपिलनं टेबलाखालून तिचा पाय दाबला. वासुदेवरावांनी आयुष्यात हजारो नग नापास केले होते. आपला अख्खा लॉट परत येण्याची ही पहिलीच वेळ.

त्यांनी कोरा कागद घेतला.

"मग तुला काय हवंय?"

कुंदाताईंनी एक काडी सोलली. मग आणखी एक.

"सकाळी साडेसातपर्यंत झोपायचं. कुणी हाक मारायची नाही."

वासुदेवरावांनी पेनाचं टोपण काढलं. कलम एक. माझ्या पश्चात कुंदाला

कुंदाताईंनी ओल्या बोटानं मधले दोन शब्द दाबून धरले.

"एवढे खोडा. झोपायला तुमच्या मरणाची वाट कशाला बघू?"

कपिलला हसू आवरेना, मग ऊर्मिलाला. वासुदेवराव जरा उशिरा हसले, पण सर्वांत जास्त वेळ. शब्द त्यांनी पट्टी लावून खोडले.

सोमवार. सव्वासहा. इथल्या शेगडीला फिरवायचं बटण नाही, नुसती काच. वासुदेवरावांनी तिच्यावर बोट ठेवलं की ती शिट्टी मारायची, आणि ते दचकून बेडरूमच्या दाराकडे बघायचे. चौथ्या खेपेला पातेलं तापलं. चहा काढ्यासारखा झाला. तो घेऊन ते खिडकीत जाऊन बसले. रेडिओच्या ऐवजी समोरच्या छपरावरची कबुतरं ऐकली.

सव्वासातला ऊर्मिला दप्तर खांद्याला लावून आली. उरलेला श्पार्गेल कुठे ठेवलाय ते आईंना विचारते, म्हणून ती दाराकडे वळली. वासुदेवरावांनी हात वर केला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं.

"साडेसातपर्यंत ना, बाबा?" ती कुजबुजली.

"उणे शून्य," वासुदेवराव हळूच म्हणाले. "अधिकला मर्यादा नाही."