गोड पान

काचघरात तापावरच्या रानकडूची चाळीस हजार रोपं उभी होती, सगळी हेमांगीने एकाच झुडपाच्या फांद्या लावून वाढवलेली. जंगलात आता एकही उरलं नव्हतं. हेमांगीची लेक साथीच्या तापाने फणफणली, तेव्हा तिने पाड्यावरून ठकूबाई वैदूला बोलावलं. ठकूबाईने रीतीप्रमाणे पान आधी स्वतः चावलं आणि थुंकलं.

"ह्ये तर गोड हाय, बाई. ह्यानं ताप उतरायचा न्हाई."

"अहो, दहा वर्षं किडामुंगी शिवू दिली नाही याला!"

"मंग कडू कशाला व्हईल? किडं कुरतडत्यात, तवा कडू हुतं."

"कुठला किडा? सांगा, आत्ता आणून सोडते."

"पिवळी अंडी घालणारा. ह्या झाडाबिगर जगत न्हाई त्यो."

 जंगलातल्या त्या शेवटच्या झुडपावरची पिवळी अंडी हेमांगीनेच, फांद्या कापण्याआधी, एकूण एक, कीटकनाशकाने धुऊन काढली होती.