रबरी बूच

बाळांच्या दूधपावडरीतलं जस्त मोजता मोजता कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या बाईंचे केस पांढरे झाले. जस्त लागतं कणभर, पण त्यावाचून वाढ अडते. या खेपेला आकडा लेबलाइतका भरला, साहेब खुलले. बाईंना मात्र नमुन्याच्या बाटलीचं रबरी बूच खटकलं. रबरातलं जस्त नमुन्यात उतरतं. प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत नवा नमुना घेऊन पुन्हा मोजलं, तर निम्मंच भरलं. “पहिला आकडा धरून सही करा,” साहेब म्हणाले. “बिनदाताचं गिऱ्हाईक तक्रारीला येतंय थोडंच?” “त्याची आजी आलीय,” बाई म्हणाल्या. “सुनेला दूध नाही, नात याच डब्यावर वाढतेय.” “बाई, निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत.” “मग दोन्ही वर्षं हेच ऐका.” बिनसहीचा अहवाल सरकवून त्यांनी वर ते बूच ठेवलं. “जस्त यात आहे. डब्यात एकेक बूच टाका अन् लेबलावर लिहा, ‘उकळून पाजावं.’ मग सही करते.”