दोन वर्तमानपत्रांतला मासा

चोवीस खुर्च्या मांडून झाल्या, तरी तालमीला एकच माणूस आला होता, आणि तोही पुलापलीकडून.

डेटलेफराव जर्मन काठावरचे निवृत्त पोस्टमन, गाण्यात खर्ज सांभाळणारे. काखेत त्यांचं वर्तमानपत्र होतं. बोझेनाबाईंच्या टेबलावर त्यांचं पोलिश वर्तमानपत्र पसरलेलंच होतं. मधल्या नदीत चार दिवस मासे मरून वर येत होते. बाईंचं पत्र म्हणत होतं, विष जर्मन काठावरून आलं. डेटलेफरावांचं म्हणत होतं, पोलिश काठावरून. तेव्हापासून दोन्ही गावांतल्या गायकांचे घसे एकदम बसले होते.

बाईंनी नऊ वर्षं हा गायकवृंद चालवला. गाणीच अशी बांधलेली, की एका काठाने विचारायचं आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचं. एक काठ रुसला की गाणं निम्मं. रविवारी पुलावर कार्यक्रम होता. आज तालीम झाली नाही, तर तो रद्द, असं त्यांनी सकाळीच सगळ्यांना कळवलं होतं.

"तुमचे लोक काय म्हणतात?" त्यांनी चहा ओतत विचारलं.

"जे छापलंय ते. आणि तुमचे?"

"तेच. फक्त उलटं."

डेटलेफरावांनी आपलं पत्र बाईंच्या पत्राशेजारी पसरलं. मथळे एकमेकांच्या अंगावर धावून जात होते. फोटो मात्र दोन्हीकडे एकच होता: दगडांवर मरून पडलेला मासा. त्यांनी चष्मा काढला आणि नाक कागदाला टेकेपर्यंत वाकले. चाळीस वर्षं गळ टाकून बसलेला माणूस.

"बाई, हा मासा आमचा नाही."

"म्हणजे आमचा. आलात ना मूळपदावर?"

"तुमचाही नाही. पाठीवर तीन पर आहेत, मोजा. हनुवटीला मिशी. हा कॉड. खाऱ्या पाण्यातला. समुद्र इथून दोनशे किलोमीटर."

बाईंनी मोजले. तीनच होते. ते पान त्यांनी चार दिवसांत सहा वेळा चिडून वाचलं होतं. माशाकडे एकदाही बघितलं नव्हतं. फोटोखाली बारीक अक्षरात दोन्हीकडे फोटो विकणाऱ्या एकाच संस्थेचं नाव होतं. दोन राजधान्यांतल्या दोन संपादकांनी, एकमेकांना न विचारता, एकाच दुकानातून एकच मासा आणला होता. नदीतले मासे खरोखरच मरत होते; त्यांचा फोटो कोणी काढला नव्हता.

"चला," डेटलेफराव म्हणाले, "कशावर तरी एकमत झालं."

बाईंनी दोन्ही पानांचा मिळून एक फोटो काढला आणि सगळ्या गायकांना पाठवला. खाली दोनच शब्द: मासा ओळखा. मग खसखशीचा केक कापला आणि दोघं चोवीस रिकाम्या खुर्च्यांसमोर खात बसले. चहा निवला.

वीसेक मिनिटांनी जिन्यावर पावलं वाजली. आधी पुलापलीकडच्या हानेलोरेचा वरच्या पट्टीतला आवाज, हा कॉड नव्हेच म्हणणारा. मागून इकडच्या झ्जिस्वावचा, कॉडच आहे अशी बापाच्या होडीची शपथ घेणारा. मग आणखी चार-पाच, दोन्ही भाषांत.

डेटलेफराव दार उघडायला उठले. बाईंनी त्यांना हातानेच बसवलं आणि ऐकत राहिल्या. एक काठ विचारत होता, दुसरा तिथल्या तिथे उत्तर देत होता.