नवी क्लिप

बॉनेट उघडल्याबरोबर रंगनाथला दिसलं. रेडिएटरचा वरचा जाड पाईप तोंडाशी सैल पडला होता आणि गाडीखाली अंगणात हिरवट पाण्याचं डबकं साचलं होतं.

गाडी घरी येऊन एकच रात्र झाली होती. जुनीच, पण घरातल्याच माणसाकडून विकत घेतलेली. काल पाडव्याच्या मुहूर्तावर महेश दाजी, म्हणजे उज्वलाताईचे मिस्टर, स्वतः मनमाडहून चालवत घेऊन आले होते. बॉनेट उघडून एकेक गोष्ट समजावून सांगितली, अर्धा पेढा खाल्ला आणि संध्याकाळच्या रेल्वेने परत गेले. आज भाऊबीज. याच गाडीत आईला बसवून रंगनाथला ताईकडे ओवाळून घ्यायला जायचं होतं.

तो वाकून बघू लागला. पाईप जुना होता आणि तो आवळून धरणारी क्लिप कोरी करकरीत. झालं, त्याला सगळं कळलं. जुन्या पाईपला नवी क्लिप कोण लावतो? ज्याला गळती माहीत असते तो. वर ताजी शेवंती आणि खाली शिळी, असे क्रेट भरणारे त्याने फुलबाजारात आयुष्यभर पाहिले होते. कधीमधी स्वतःही भरले होते, म्हणून तर नजर तयार झाली होती.

मग कालचं एकेक आठवू लागलं. दाजी चहाला थांबले नव्हते. ‘इंजिनकडं बघायचं कामच नाही’ असं दोनदा म्हणाले होते. दोनदा कशाला म्हणायचं?

“घरच्या माणसानंच गंडवलं,” तो मोठ्यांदा म्हणाला.

ओट्यावर त्याची आई, नवसाबाई, नवं लुगडं नेसून तयार बसली होती. “काय झालं रे?”

“काय नाय. तुझ्या जावयाचं कौतुक चाललंय.”

त्याने फोन काढला आणि रागाच्या भरात ताईला आवाज रेकॉर्ड करून पाठवला. “ताई, मी येत नाय. तुझ्या नवऱ्यानं भंगार गळ्यात मारलं माझ्या. पाईपातनं सगळं पाणी गळालंय. चांदवडच्या पुढं बंद पडली असती म्हंजे, म्हातारीला घेऊन कुठं बसलो असतो? भाऊबीज तुमची तुम्ही करा.”

ताईने ऐकल्याची निळी खूण लगेच आली. उत्तर मात्र आलं नाही. येणार कुठून, रंगनाथला वाटलं. तिलाही ठाऊकच असणार.

स्क्रू ड्रायव्हर आणून त्याने पाईप जागेवर दाबला आणि क्लिप आवळायला घेतली. ती व्यवस्थित आवळली गेली. तेवढ्यात नवसाबाई ओट्यावरून उतरून जवळ आली.

“लय आवळू नको बाबा. फुटंल त्यो. मी रातीच सैल केला व्हता.”

रंगनाथचा हात थांबला. “तू?”

“पाव्हणे गेले, तू आंघोळीला गेला आन् ह्या गाडीचं तोंड उघडंच. मी पणती लावाया आले तर मोटार नुसती तापलेली, पाईप हा असा फुगलेला. फवारणी झाली का पंपाचा पाईप सैल करून ठिवायचा, नायतर फुटतो. तुझे वडील व्हते तवापासून मीच करते का नाय?” तिने उजवा हात पुढे केला. दोन बोटांना हळद होती. सकाळपासून तो ती पूजेची समजत होता. “जराशी वाफ लागली. पाव्हण्यांनी एवढ्या लांबून आणून दिली, मग जपाया नको व्हय?”

रंगनाथला स्वतःची भयंकर शरम वाटली. तोच फोन वाजला. ताई होती.

“रंगा,” तिचा आवाज घोगरा झाला होता, “तू पाठवलेलं यांनीही ऐकलं. जुनी क्लिप गंजली होती म्हणून परवा नवी टाकली होती यांनी. ‘नीट आवळली नसेल, माझीच चूक,’ म्हणाले. पान्हे घेऊन तसेच निघालेत स्टेशनला. ते येईपर्यंत गाडी चालू करू नको म्हणून सांगितलंय, तुझं इंजिन खराब होईल.”

“ताई, ऐक ना...”

“आता काही बोलू नको रे. मी उपाशी थांबते. आईला घेऊन या दोघं.”

फोन बंद झाला. रंगनाथने परत लावला नाही. खिशात ठेवला.

पाईप पक्का बसला होता. एक थेंब गळत नव्हता. तास-दीड तासात दाजी फाटकातून आत येतील, बॉनेटपाशी उभे राहतील आणि बघतील. तेव्हा काय सांगायचं, याची त्याने मनातल्या मनात दोन-तीनदा जुळवाजुळव केली. खरं सांगायचं तर आधी माफी मागावी लागणार होती, आणि ती ताईच्या नवऱ्याची, स्वतःच्याच अंगणात.

त्याने एकदा रस्त्याकडे पाहिलं. मग स्क्रू ड्रायव्हर उचलला, क्लिपच्या खाचेत बसवला आणि उलटा फिरवू लागला.

नवसाबाई अजून शेजारीच उभी होती.

“आता कशाला सैल करतो रे?” तिने विचारलं. “गाडी तर गार हाय.”