दोन स्वयंपाकघरं

"दोरी ताणून धरा, मोठ्या ताई," गवंडी खालच्या अंगाने ओरडला. "हलू देऊ नका."

थोरलीने दोरीचं टोक खुंटीवर दाबून धरलं. डोंगराच्या उतारावर तेवढाच एक तुकडा सपाट होता आणि त्यावर सकाळपासून घराची आखणी चालली होती. गवत सोललेल्या मातीवर चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा उमटत होत्या. ही बाहेरची खोली, ही थोरलीची, ही धाकटीची. थोरलीचा जन्म दवाखान्यात नर्स म्हणून रुग्णांच्या उशापायथ्याशी गेला, धाकटीचा शिलाईच्या मशीनवर. एक शहराच्या या टोकाला, एक त्या. आता दोघी बहिणींनी मिळून डोंगरात राहायचं ठरवलं होतं.

नकाशा थोरलीने स्वतः काढला होता. दवाखान्यात तापाचा आलेख काढतात त्या चौकटीच्या कागदावर, खाली तारीख टाकून, सही करून. त्यात स्वयंपाकघरं दोन होती. या एका गोष्टीवर ती जी अडून बसली, ती बसलीच.

"भांड्याला भांडं लागणारच," ती म्हणायची. "त्यापेक्षा तू तुझ्या घरची राणी, मी माझ्या."

धाकटीने वाद घातला नव्हता. थोरलीशी वाद घालून जिंकलेलं माणूस अजून जन्माला यायचं होतं. पण मनात सल राहिला होता. चुली वेगळ्याच मांडायच्या, तर मग डोंगर चढून यायचं कशाला?

"मोठ्या ताई, तिकडे वारा सुटलाय का?" गवंडी दोरीखाली फक्की सोडता सोडता थांबला. त्याची रेघ नागमोडी झाली होती. "दोरी नाचतेय नुसती."

"सुटलाय तर!" थोरली म्हणाली. "डोंगर आहे हा. वारा सुटणारच."

धाकटी तिच्यापासून चार पावलांवर उभी होती. थोरलीच्या पायाशी गवताचा एक झुबका राहून गेला होता. त्याचं पातंसुद्धा हलत नव्हतं.

धाकटीने दोरीकडे पाहिलं, मग दोरी धरलेल्या हाताकडे. गेले कित्येक महिने भेटायला गेलं की थोरली चहा तिलाच ओतायला लावायची. "पाहुणी म्हणून मिरवू नकोस, उठ," असं वर म्हणायची.

ती पुढे झाली. थोरलीच्या मुठीवर तिने आपली मूठ ठेवली आणि घट्ट दाबली. दोरी थांबली.

"आता कसं!" गवंडी खुश झाला. "तशीच धरा." आणि पाठमोरा होऊन तो पुन्हा रेघ ओढू लागला.

"कधीपासून?" धाकटीने हळूच विचारलं.

"काय कधीपासून?"

"वारा."

"उन्हाळ्यापासून," थोरली म्हणाली. "दाखवलंय डॉक्टरांना. गोळ्या चालू आहेत. मरणबिरण नाहीये त्यात, घाबरू नकोस. पण हात काही पहिल्यासारखा व्हायचा नाही."

"आणि म्हणून दोन स्वयंपाकघरं?"

"तुझी जीभ मला ठाऊक आहे, बाई. एक पातेलं सांडलं, तर वर्षभर ऐकवशील."

"ऐकवीनच," धाकटी म्हणाली. "आधी पुसून घेईन, मग ऐकवीन."

थोरलीला हसू आलं. पण ते दिसू नये म्हणून तिने मान फिरवली.

गवंड्याची रेघ पुरी झाली. सरळ, देखणी. दोन स्वयंपाकघरांमधली भिंत होती ती. तो कमरेवर हात ठेवून कौतुकाने बघत होता, तेवढ्यात धाकटी तिथे गेली आणि तिने चपलेने ती रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसून टाकली.

"अहो, अहो, धाकट्या ताई! भिंत पुसलीत की!"

"नकोय ती."

"नकाशात आहे!"

"नकाशा मी काढलाय," थोरली आपल्या जागेवरून म्हणाली. तो वॉर्डातला आवाज होता. तो ऐकून पाय पसरलेले रोगीही पाय जवळ घ्यायचे. मग तोच आवाज जरासा उतरला. "ती सांगते तसं करा."

गवंड्याने फक्कीचं घमेलं खाली ठेवलं. "मग एवढ्या मोठ्या जागेचं करू काय?"

"खिडकी," धाकटी म्हणाली. "दरीच्या बाजूला. दोन खुर्च्या आरामात मावतील एवढी रुंद करा."

"आणि ओटा?"

"एकच."

गवंड्याने कानामागची पेन्सिल काढली. "मग उंची सांगा. तुम्ही दोघी म्हणजे एक ताड आणि एक झुडूप. कुणाच्या मापाने बांधू?"

याचा विचार कुणी केला नव्हता. गवंड्याने दोघींना पांढऱ्या रेघांच्या आत, दरीकडे तोंड करून शेजारी शेजारी उभं केलं. "भाजी चिरायला उभ्या राहता, तशा उभ्या राहा. हात पुढे."

दोघींनी हात पुढे केले. समोर ओटा नव्हता, भिंत नव्हती. होती ती थेट दरी आणि पलीकडे उन्हात न्हालेला डोंगर. गवंडी गुडघ्यावर बसला. आधी एकीच्या हाताखाली पट्टी धरली, मग दुसरीच्या. पुटपुटत त्याने दोन्हींच्या मधला आकडा एका विटेवर लिहिला.

थोरलीने वाकून आकडा वाचला. "म्हणजे दोघींच्याही गैरसोयीचा!"

"थोडाथोडा," गवंडी म्हणाला.

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने मान डोलावली.

"चालेल," थोरली म्हणाली. "घ्या पाया खणायला."